मदत हवी आहे: चंद्राची कक्षा काढताना दोन उत्तरं येताहेत

गोदाकाठ:
तृतीय वर्षाचा प्रकल्प आहे, सोमवारी सरांना दाखवायचाय. लंबवर्तुळ छान बसतंय, पण कक्षेचा कल दोन येतो आणि दोन्ही तितकेच जुळतात. कुठला धरू? प्लीज लवकर सांगा.

पंचवटीकर:
कुठला चंद्र? कुणाचा?

गोदाकाठ:
एरिसचा, म्हणजे प्लूटोपलीकडच्या बटुग्रहाचा. चंद्राचं नाव डिस्नोमिया.

दुर्बीणवाला:
आयते आकडे कशाला? आठ इंची दुर्बीण घे, अमावास्येला त्र्यंबकच्या पुढे अंधारात जा आणि स्वतः मोज. गुरूचे चारही चंद्र मी असेच मोजलेत. आयोची फेरी पावणेदोन दिवसांत होते, एका रात्रीत तो सरकलेला दिसतो.

पंचवटीकर:
दादा, तो गुरू. डिस्नोमिया एरिसपासून जेमतेम अर्धा कोनीय सेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे कोनीय सेकंद) लांब दिसतो, आठ इंचीतून दिसायचाच नाही. २००५ मध्ये सापडला तो हवाईच्या केक दुर्बिणीतून, १० मीटरच्या.
गोदाकाठ, मोजमापं कधीची आहेत?

गोदाकाठ:
२००५-०६ ची. हबल आणि केक.

सिन्नरकर:
प्रकाशाला तिथून यायला १३ तास लागतात. ते वजा केलंस का? आधी ते कर, बाकी नंतर.

पंचवटीकर:
त्याने सगळ्याच वेळा जवळपास सारख्या मागे जातात, कलाशी संबंध नाही. आपल्याला कक्षा आकाशावर सपाट दिसते. तिची कुठली बाजू आपल्याकडे झुकलीय आणि कुठली पलीकडे, हे नुसत्या जागांवरून कळत नाही, म्हणून दोन उत्तरं. बघायचा कोन बदलला की त्यातलं एक गळतं. पण एरिसला सूर्याभोवती फिरायला साडेपाचशेच्या वर वर्षं लागतात, कोन फार हळू बदलतो. संशोधकसुद्धा दशकभर अडकले होते. नंतरची हबलची मोजमापं मिळव.

इंदिरानगर:
२००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं ते या एरिसमुळेच ना? अन्याय झाला.

गोदाकाठ:
नंतरची मोजमापं कधी शोधू? मला फक्त एरिसचं वस्तुमान काढायचंय.

पंचवटीकर:
हे आधी सांगायचं ना! वस्तुमानाला कक्षेचा आकार (एरिसपासूनचं सरासरी अंतर) आणि आवर्तनकाळ (एका फेरीचा वेळ) पुरतो, दोन्ही उत्तरांत ते सारखेच. सुमारे ३७,३०० किमी आणि १५.८ दिवस आले असतील तर केप्लरच्या नियमाने १.६६ × १०²² किलोच्या आसपास येईल, प्लूटोपेक्षा पाव पट जास्त. दोन्ही कल अहवालात लिही.

सिन्नरकर:
पण किलोमीटर काढताना प्रत्येक तारखेचं अंतर वेगळं घे. वर्षभरात ते दोन टक्क्यांनी बदलतं, आणि वस्तुमानात त्याचा घन येतो.