हौद मोठा की पंप दोन? एअर सस्पेन्शनची टाकी आणि कंप्रेसर

मोकळी_हवा

एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे गाडी उचलून धरतात; कंप्रेसर टाकी भरतो, टाकी फुगे भरते) विषय निघाला की दोन कंप्रेसरचा आग्रह ठरलेला. बहुतेक गाड्यांसाठी तो मला फुकटचा थाट वाटतो. एक दणकट कंप्रेसर आणि १९ लिटरची, म्हणजे ५ गॅलनची, टाकी पुरते. हिशेब मांडतो, चुकलं तर सांगा.

चार फुगे धरा. पुढचे दोन वर आल्यावर प्रत्येकी २ लिटर, ११० पीएसआय (दाबाचं एकक). मागचे दोन प्रत्येकी २.५ लिटर, ६० पीएसआय. गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून त्यात १४.७ मिळवायचे. पुढच्या एका फुग्यात २ × १२४.७ ÷ १४.७ = १७ लिटर मोकळी हवा मावते. बसलेल्या फुग्यात लिटरभर आधीच असते, ती वजा केली की १६. तसंच मागच्या एकाला साडेअकरा. चारही मिळून ५५ लिटर.

१९ लिटरच्या टाकीतून एवढी हवा गेली की दाब ५५ ÷ १९ × १४.७, म्हणजे साधारण ४३ पीएसआयने उतरतो. १७५ वरून १३२. पुढच्या फुग्यांना लागतात ११०. कंप्रेसरचं तोंडही न उघडता गाडी खालून पूर्ण वर येते. मग दुसरा कंप्रेसर कशाला?

पिस्टन_रिंग

गणित बरोबर, पण सुरुवातच चुकली. टाकी १७५ वर असेल हे कोणी सांगितलं? १४५-१७५ चा प्रेशर स्विच (१४५ ला कंप्रेसर चालू, १७५ ला बंद) लावलाय, टाकी १४६ वर आहे, तरी कंप्रेसर गप्पच असतो. तिथून ४३ वजा करा: १०३. पुढचे फुगे मागतात ११०. शेवटचा इंच-दीड इंच गाडी लोंबकळत राहणार, कारण टाकीचा आणि फुग्याचा दाब जवळ आला की व्हॉल्व्ह उघडा असूनही हवा सरकत नाही.

टाकीचा हिशेब स्विच ज्या दाबाला *चालू* होतो तिथून करायचा, बंद होतो तिथून नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ११०-१४५ चा स्विच असेल तर सगळ्यात वाईट वेळी टाकीत पुढच्या फुग्यांसाठी शिल्लक शून्य.

आता कंप्रेसर. कॅटलॉगवर ठसठशीत छापलेला प्रवाह शून्य दाबाचा असतो. दाब चढतो तशी मोटर मंदावते, सिलिंडरच्या डोक्यात उरलेली हवा परत फुगते, आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा घटत जाते. त्या दाबाला मिनिटाला २८ लिटर, म्हणजे १ सीएफएम (मिनिटाला एक घनफूट), मिळतात असं धरलं तरी ५५ लिटर भरायला दोन मिनिटं लागतात. दोन कंप्रेसरना एकच मिनिट, आणि प्रत्येकाची धाव निम्मी.

धाव निम्मी होणं महत्त्वाचं आहे. ३३ टक्के ड्युटी सायकल म्हणजे तासात २० मिनिटं काम, ४० मिनिटं विश्रांती, आणि तीही बहुधा १०० पीएसआयला मोजलेली. १७५ ला ती आणखी खाली येते. तेल नसलेल्या या कंप्रेसरात पिस्टनची सील मरते ती उष्णतेने.

तांब्याची_तार

दोन कंप्रेसरवाल्यांनी विजेचा हिशेब कधी केलाय का?

एक कंप्रेसर दाबाखाली २० ते २५ अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. बॅटरी पुढे, कंप्रेसर डिकीत: जाऊन-येऊन १० मीटर तार धरा. २५ अँपिअरला २.५ चौरस मिलीमीटरच्या तारेत पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. ४ च्या तारेत १.१ आणि ८ च्या तारेत ०.५५. बारीक तारेवरून दोन कंप्रेसर चालवले तर पडझड दुप्पट होते, दोघंही रडत फिरतात आणि हवा एकाच्या थोडीशीच वर मिळते. दुसऱ्या कंप्रेसरवर खर्च करण्याआधी पहिल्याची तार जाड करा.

बसवणारे आणखी एक करतात: दोन्ही मोटरींची लाईन थेट प्रेशर स्विचमधून नेतात. स्विचचे पॉइंट चिकटतात, कंप्रेसर थांबतच नाही, आणि सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर येते. स्विचने फक्त रिलेची (थोड्या विजेवर मोठी लाईन जोडणाऱ्या स्विचची) कॉइल ओढायची. प्रत्येक कंप्रेसरला वेगळा ४० अँपिअरचा रिले, वेगळा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. कॉइलची लाईन इग्निशनवरून घ्यायची, नाहीतर बारीक गळतीपायी सकाळी बॅटरी मेलेली.

पिस्टन_रिंग

वायरिंगबद्दल शब्दन् शब्द मान्य. पण हा दोन कंप्रेसरविरुद्धचा मुद्दा नाही, वाईट वायरिंगविरुद्धचा आहे.

सुरू होतानाच्या झटक्याला सोपा उपाय आहे. पहिल्या कंप्रेसरला १४५-१७५ चा स्विच, दुसऱ्याला ११०-१४५ चा. रोजची वरवरची भर पहिला एकटा घालतो. दाब ११० च्या खाली घसरला तरच दुसरा मदतीला येतो आणि १४५ ला सुटतो. पहिलाच जास्त झिजतो, म्हणून अधूनमधून कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करायच्या. पाच मिनिटांचं काम.

लहान_टाकी

दोघंही लिटर आणि कंप्रेसर मोजत बसलात. दाबाची एक पायरी चढा की! तीच १९ लिटरची टाकी, तोच एक कंप्रेसर, फक्त स्विच १६५-२०० चा. सगळ्यात वाईट वेळी १६५ वजा ४३ = १२२. पुढच्या फुग्यांचे ११० भागले आणि वर १२ उरले. पिस्टन_रिंग यांची शंका स्विच बदलून मिटली.

टाकी लहान का चालत नाही तेही याच गणितात दिसतं. ११.४ लिटरच्या, म्हणजे ३ गॅलनच्या, टाकीत तेच ५५ लिटर ७१ पीएसआय उतरवतात. २०० वरून १२९, ठीक. १६५ वरून ९४, नापास. (आयडीचं नाव टाकीवरून आहे, शिफारस म्हणून नाही.)

पिस्टन_रिंग

स्विच बदलून मिटली नाही, कंप्रेसरच्या माथी मारली. १७५ ते २०० हा टप्पा सगळ्यात सावकाश चढतो आणि सगळ्यात जास्त तापवतो. कंप्रेसरच्या प्लेटवर २०० पीएसआयची ड्युटी सायकल वेगळी दिलेली असते, ती वाचा. १०० ला अखंड चालणाराही २०० ला तसा चालेलच असं नाही.

शिवाय २०० चा स्विच लावला की टाकी, नळी, फिटिंग, व्हॉल्व्ह ब्लॉक, गेज, सगळं त्या दाबाला मंजूर असावं लागतं. टाकीवर १५० कोरलंय आणि वर २०० चा स्विच, अशी जोडणी म्हणजे आगीशी खेळ. सेफ्टी व्हॉल्व्ह स्विचच्या बंद-दाबाच्या वर आणि टाकीवर कोरलेल्या कमाल दाबाच्या आत उघडला पाहिजे. ही फट सापडत नसेल तर स्विच खालचा घ्या.

मोकळी_हवा

चालू-दाबाचा मुद्दा मान्य, तिथे मी घसरलो. पण "दोन कंप्रेसरने गाडी झटकन उचलते" हा समज मान्य नाही. टाकी असताना गाडी टाकीच्या हवेने उचलली जाते आणि वेग ठरतो नळीवर व व्हॉल्व्हच्या भोकावर. पाव इंची नायलॉन नळीपेक्षा ३/८ इंचीच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ दुपटीहून थोडं जास्त असतं. वेग हवा तर नळी बदला. उंची बोटभर-बोटभर लावायची असेल तर पाव इंचीच बरी, कारण जाड नळीवर बटणाला नुसता स्पर्श झाला तरी गाडी उडी मारते.

आणि लीफ स्प्रिंगवर नुसते मदतीचे दोन फुगे असतील, तर यातलं काहीच नको. ते ५ ते १०० पीएसआयमध्ये चालतात, माल चढवल्यावर एकदा भरायचे. छोटा कंप्रेसर आणि दोन-चार लिटरची टाकी बास. टायरसारखा भरायचा व्हॉल्व्ह ठेवला तर टाकीही नको. फक्त ५ च्या खाली रिकामे सोडायचे नाहीत, रबर चिमटतं.

दवबिंदू

टाकीच्या लिटरवर एवढी मारामारी आणि टाकीतल्या पाण्यावर एक शब्द नाही.

३० अंशांना हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. ७० टक्के आर्द्रता असेल तर २१ ग्रॅम. तुमच्या ५५ लिटरमध्ये सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. दाबून ती हवा दहा-बारा पट लहान केली आणि थंड झाली की बहुतेक वाफेचं पाणी होतं. एका उचलीला अंदाजे एक मिलीलिटर. तीस वेळा गाडी वर-खाली केली की चहाचा अर्धा कप. ड्रेन कॉक वर्षभर उघडला नाही तर किती, ते तुम्हीच मोजा.

म्हणून टाकी फिरवून एक भोक सगळ्यात खाली आणायचं, तिथे ड्रेन कॉक. कंप्रेसरची हवा वरून आत, व्हॉल्व्हकडे जाणारी नळी वरच्या बाजूने बाहेर. जागा वाचवायला फुग्यांची नळी खालच्या भोकातून काढतात, मग सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह) आधी पाणी पितात, नंतर गंज. स्टीलच्या टाकीतले तपकिरी कण व्हॉल्व्हच्या सीटवर बसले की एक कोपरा रात्रभर हळूहळू बसत जातो आणि लोक फुगा बदलतात!

पाण्याचा फिल्टर कंप्रेसरला चिकटवून बसवणं हीसुद्धा नेहमीची चूक. तिथे हवा चटके देण्याइतकी गरम, पाणी वाफेतच असतं, आरपार निघून जातं. फिल्टर टाकीनंतर, व्हॉल्व्हच्या आधी.

मोकळी_हवा

मग ॲल्युमिनियमची टाकी घ्या, प्रश्न संपला.

दवबिंदू

गंजाचा संपला, पाण्याचा नाही. पितळी फिटिंग आणि खारट चिखल एकत्र आले की ॲल्युमिनियमचे आटे खाल्ले जातात. गाडीखाली बसवायची असेल तर सीलंट लावूनच फिटिंग घट्ट करा. सीलंट द्रवरूप. टेफ्लॉन टेपची चिंधी सुटून एनआरव्हीत (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) अडकते.

आणि कोणत्याही टाकीला ब्रॅकेट वेल्ड करू नका. पाय असतील तर बोल्ट, नसतील तर पट्टे. रिकामा गॅस सिलिंडर किंवा अग्निशामक नळकांडं टाकी म्हणून वापरण्याचा विचारही नको.

दहा_चाकी

ट्रकवाल्यांसाठी एक भर, कारण "एअर ब्रेकची टाकी आहेच की, तिथूनच घ्या" हा सल्ला कोणीतरी देणारच. इंजिनवरचा कंप्रेसर मोठा, हवा भरपूर, हे खरं. पण सस्पेन्शनची नळी फुटली तर ब्रेकची हवाही त्याच वाटेने जाते. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवाच. दाब ठरल्या पातळीखाली, साधारण ६५-७० पीएसआयला, उतरला की तो सस्पेन्शनची वाट बंद करतो आणि ब्रेकची हवा राखतो. तो नसेल तर ब्रेकच्या टाकीला हात लावू नये. यावर वाद घालणार नाही.

पिस्टन_रिंग

पूर्ण सहमत.

मूळ मुद्द्यावर परत येतो. एकच कंप्रेसर ठेवायचा हट्ट असेल तर निदान एनआरव्हीवर लक्ष ठेवा. कंप्रेसरपासून जाळीदार स्टीलची नळी येते, तिच्यात तो असतो. ती नळी कापून प्लास्टिकची जोडायची नाही, त्या उष्णतेत पुश फिटिंग (नळी नुसती आत ढकलून बसवायचं) सुटतं. एनआरव्ही गळू लागला तर टाकीचा सगळा दाब पिस्टनच्या डोक्यावर बसतो. मग कंप्रेसर घुं घुं करतो, फिरत नाही, फ्यूज उडतो, आणि मालक मोठा फ्यूज घालतो. ओळखायचं असं: कंप्रेसर बंद झाल्यावर हवेच्या फिल्टरला कान लावा. सुस्कारा ऐकू आला तर एनआरव्ही गेला. दोन असतील तर गाडी निदान घरी पोचते.

लहान_टाकी

घरी पोचायला टायर भरायचा व्हॉल्व्ह टाकीवर लावला तरी चालतं. दुसरा कंप्रेसर बाळगण्यापेक्षा हलका.

तांब्याची_तार

गळतीचं निघालंच आहे म्हणून. "रात्री १७५ होतं, सकाळी १६३" एवढ्यावरून फिटिंगं उसकटू नका. ४० अंशांना भरलेली टाकी २० अंशांवर आली की निव्वळ थंडाव्याने बारा पीएसआय उतरतात, गळती शून्य असताना. मोजायचं असेल तर टाकी निवल्यावर भरा, व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच उन्हात गेज बघा. तरीही उतरलं, तर साबणाचं पाणी घेऊन आधी प्रेशर स्विचच्या आट्यांवर ओता, मग कापलेल्या नळीच्या टोकांवर. कात्रीने तिरकी कापलेली नळी पुश फिटिंगच्या ओ-रिंगवर नीट बसत नाही. ब्लेडने काटकोनात कापलेली बसते.