ऑनलाइन उन्हाळी विज्ञान वर्गातल्या गमतीजमती

गच्चीवाली
आज शून्य सावली म्हणून सोसायटीतली पोरं भरदुपारी गच्चीवर नाचत होती. तेव्हा 2020 चा मे आठवला. सगळं बंद, आणि धाकट्याचा उन्हाळी विज्ञान वर्ग फोनवर. सरांनी सांगितलं, पुण्यात बरोबर 12 वाजून 31 मिनिटांनी सूर्य डोक्यावर येणार, सपाट जागी डबा उभा ठेवा आणि सावली नाहीशी होताना बघा. आमच्या गच्चीवर सपाट जागा म्हणजे सासूबाईंच्या कुरडया. वाद, तह, अखेर एका कोपऱ्यात स्टीलचा डबा. सर विचारतायत, "सावली गेली का?" हा म्हणतो, "नाही सर, वाढली." लेकराला ऊन लागेल म्हणून आजी छत्री घेऊन मागे उभ्या!! सर हसू दाबत म्हणाले, "आजींना जरा बाजूला व्हायला सांग." आजी हलल्या नाहीत. आमच्याकडे त्या वर्षी शून्य सावली झालीच नाही.
तुमच्याकडचं येऊ द्या.

चहाबाज
आजी 1, सूर्य 0

मुक्काम नोएडा
आमचं दुःख वेगळंच. लेक इथून पुण्याच्या वर्गात बसायची. सगळ्यांच्या गावच्या तारखा निघाल्या, कोल्हापूर आधी, मग पुणे, मुंबई, नागपूर शेवटी मे संपता संपता. हिने विचारलं, माझी कधी? सर म्हणाले, "कधीच नाही, तू कर्कवृत्ताच्या वर आहेस." जी रडली! संध्याकाळी बाबांना म्हणे, बदली मागा. कुठे? "कर्कवृत्ताच्या खाली कुठेही चालेल."

शिकवणारी_मी
मी पलीकडच्या बाजूची. सातवीची मुलं. प्रश्न विचारला की एक जण तोंड अर्धवट उघडं ठेवून पुतळा व्हायचा, म्हणजे नेट अडकलं असं मला वाटावं. अभिनय उत्तम, पण डोक्यावरचा पंखा गरगर फिरत असायचा. मी शांतपणे म्हटलं, "मुलांनो, विराम अवस्थेतली वस्तू बाह्य बल लागेपर्यंत तशीच राहते." तेवढ्यात त्याच्या आईचा हात आला आणि पाठीत धपाटा. बाह्य बल! न्यूटनचा पहिला नियम तेवढा चांगला मला पुन्हा कधी शिकवता आला नाही.

चहाबाज
वरचं वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. आमच्या मीटिंगमध्ये आजही दोघे जण हेच करतात, पंखा बंद करून. शिकलेले लोक.

रानजाई
हळदीचा प्रयोग कोणाला आठवतो? टिपकागदावर हळदीचं पाणी लावून वाळवायचं, साबणाचं पाणी पडलं की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. बाईंनी मोठ्या थाटात विचारलं, लाल का झाला असेल बरं? कॅमेऱ्याबाहेरून आमच्या आईचा आवाज, "त्यात काय, हळदीत चुना घालून कुंकू करत नव्हतो का आम्ही? आणि आमटीचा डाग साबण लावला की लालच होतो, तुझ्या बापाचे सदरे बघ!" बाईंनी आईलाच बोलायला लावलं. पुढची पंधरावीस मिनिटं डाग या विषयावर. आम्ल-आम्लारी राहिलं बाजूला, पण बाकीच्या आया वह्या घेऊन बसल्या म्हणे.

कोकणातला
आमच्याकडे रेंज फक्त वरच्या बागेत. पुतण्या हापूसच्या कलमाखाली बसून गुरुत्वाकर्षण शिकला. आणि हो, आंबा पडला. न्यूटनचे विनोद करू नका, गावात करून संपलेत. खरी गंमत पुढे, वांदर आलं, आंबा उचललं आणि स्क्रीनमध्ये तोंड घालून बसलं. मॅडमनी हजेरी लावली की नाही माहीत नाही.

गच्चीवाली
@कोकणातला यंदा पेटी काय भावाने देताय ते सांगा

कोकणातला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो ताई

दोन_पोरांची_आई
ज्वालामुखीचा प्रयोग. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, वर फसफस. व्हिनेगर कुठून आणणार तेव्हा? लिंबू वापरा म्हणाले. खमणासाठी जपून ठेवलेली सोड्याची पुडी दोघांनी मिळून अख्खी ओतली, फोनवर, चार्जरवर, सासऱ्यांच्या पेपरवर. मी ओरडले तर मोठा म्हणतो, "आई, कार्बन डायऑक्साइडच आहे, खमणातही तोच असतो." बरोबर होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला. गॅसवर दूध आहे, बाकी नंतर लिहिते.

चहाबाज
दूध हाही ज्वालामुखीच. आमचा आत्ताच झाला.

रानजाई
विषय सोडून विचारते, गच्चीवाली, कुरडयांना गहू कोणता घेता? आमच्या तुटतात.

गच्चीवाली
लोकवन. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. चीक शिजवताना हात थांबवू नका, गुठळी झाली की संपलं. सासूबाई शेजारीच आहेत, म्हणतायत हिला फोन करायला सांग, लिहून कळायचं नाही.

मुक्काम नोएडा
काकूंना विचारा ना, इथल्या उन्हात वाळतील का?

गच्चीवाली
म्हणतायत वाळतील, पण राखायला छत्री घेऊन बस 😂