म्हाताऱ्यांची मोजमापं आणि परदेशी पैसा

वाड्यावरचा:
म्हाताऱ्यांच्या 'लासी' पाहणीवर काल इथल्याच एका सदस्यानं ठोकून दिलं, "हार्वर्डवाले आपल्या म्हाताऱ्यांचं रक्त नेतात, अहवाल छापतात, आपल्या हाती भोपळा." त्यावर टाळ्याही पडल्या. राहवेना म्हणून वेगळा धागा.

लासी म्हणजे देशभरातल्या उतारवयातल्या लोकांची पाहणी. ती मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या सरकारी संस्थेनं केली. हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ सोबतीला. पैसा आपल्या आरोग्य खात्याचाही आणि अमेरिकेच्या सरकारी वृद्धत्व संस्थेचाही. २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांच्या घरी माणसं गेली. बोट टोचून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पुण्याजवळ भोसरीला गेले, तेव्हा 'नारी' म्हणत त्या सरकारी एड्स संशोधन संस्थेत. हार्वर्डच्या बॉस्टनला नव्हे! अमेरिकेत असं काम १९९२ पासून चालू आहे. तसेच प्रश्न आणि तशीच मोजणी वापरली की तुलना करता येते, म्हणून तिकडची माणसं लागतात. "आमच्याकडे एकत्र कुटुंब, आमचे म्हातारे सुखी" एवढाच जप करायचा असेल तर मोजायची गरज नाही.

खडूस_सांगलीकर:
तो सदस्य मीच. नाव घ्यायला जीभ अडली का? असो, भोसरी तर भोसरी. अशाच एका पाहणीची पोरं (कुठली ते सांगत नाही) आमच्या गल्लीत आली होती. आईच्या हातात मूठ दाबायचं यंत्र दिलं, "आजी, जोर लावा." मग दहा शब्द ऐकवून परत विचारले. मग शंभरातून सात-सात वजा करा म्हणाले. आई दुसरी शिकलेली. त्र्याण्णवाला अडली ती अडलीच. रात्रभर "मला वेड लागलंय का रे" चाललं होतं. गुडघा कुठे दुखतो, किती दुखतो, सगळं लिहून नेलं. गोळी एक नाही.

पाचपाखाडीची_मीनल:
दादा, नेमकं हेच ओळखून लासीतून पुढे स्मृतिभ्रंशाचा वेगळा अभ्यास झाला. त्यात एम्सची माणसं होती. अक्षरओळख नसलेल्यांना झेपतील अशा चाचण्या, घरच्यांची वेगळी मुलाखत, आणि शेवटी डॉक्टरांचं मत. साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाचे निघाले. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. माझे सासरे गॅस चालूच ठेवायचे आणि आम्ही त्यांच्यावर खेकसायचो. "वयच झालंय" हे तेव्हा आम्हाला निदान वाटायचं.

स्टँडवरचे_मास्तर:
संशोधन करायचंच तर एसटीच्या पायरीवर करा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट. छान. पण पहिली पायरी इतकी उंच की मागून कोणीतरी ढकलावं लागतं, आणि वर कंडक्टर म्हणतो, "आजोबा, आटपा."

रोजची_अपडाऊन:
मास्तर, राग मानू नका, पण फुकट आहे म्हणून रोज तालुक्याला जायलाच हवं का? सकाळच्या गाडीत आम्ही नोकरीवाले उभे, आणि सगळ्या सीटवर आधार कार्ड दाखवणारे.

स्टँडवरचे_मास्तर:
मार्च २०२३ पासून तुम्हा बायकांचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा गर्दी दिसली नाही वाटतं! मी तालुक्याला का जातो, सांगू? तिथे माझ्या वर्गातले तिघे अजून जिवंत आहेत. चहा होतो, चार शिव्या देतो सरकारला, परत येतो. घरी दिवसभर सून मालिका बघते, मी भिंत. डॉक्टरच म्हणाले, बीपी आटोक्यात आहे, हिंडता तसे हिंडा.

रोजची_अपडाऊन:
सुनेला कशाला मध्ये आणता? तिची बाजू कोणी विचारलीय?

वाड्यावरचा:
अहो, एसटी सोडा! धागा कशाचा आहे?

पाचपाखाडीची_मीनल:
राहू द्या की. कोण घराबाहेर पडतो, कोण एकटा पडतो, हेच तर त्या पाहणीत विचारतात. मास्तरांनी प्रश्नावली न घेता उत्तर दिलं.

खडूस_सांगलीकर:
बरं, रक्त भोसरीला गेलं, मान्य. पेढे वाटू? अहवाल आला जानेवारी २०२१ मध्ये. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्याला केंद्राकडून पेन्शन महिन्याला २०० रुपये. आजही २००च. राज्य भर घालतं म्हणून निभावतंय. एवढं मोजून हललं काय?

वाड्यावरचा:
पेन्शन आयआयपीएस ठरवत नाही, तो जाब दिल्लीला विचारा. आणि विचाराल तेव्हा हातात आकडे लागतील, ते याच अहवालातून घ्याल. तुमच्या आईचं मात्र खरं आहे. "आजी, हे कितीतरी जणांना जमत नाही" एवढं त्या पोरांनी म्हणायला हवं होतं.

खडूस_सांगलीकर:
चला, एक वाक्य तरी माणसासारखं लिहिलंत.

रोजची_अपडाऊन:
मास्तर, तुमचा स्टँड कुठला? खिडकीतून पिशवी टाकून जागा अडवणारे तुम्हीच असाल, तर आपली ओळख आहे.