कापूस वेचणी किलोनं की रोजानं? मत्तय 20 वावरात लागू होतो का?

पऱ्हाटीवाला, यवतमाळ जिल्हा
जय ख्रिस्त मंडळी. रविवारी पाळकसाहेबांनी बायबलच्या मत्तय 20 मधला, येशूनं सांगितलेला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे बोधकथा, घेतला. पहाटे आलेल्याला जेवढं, दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही तेवढंच. सगळ्यांनी आमेन म्हटलं, अन् सोमवारी वावरात काटा टांगला. आमच्याकडे येणारी एक म्हातारी दिवसभरात वीसेक किलोच्या वर जात नाही, तिची सून पन्नास ओलांडते. ऊन दोघींना सारखंच. माझं म्हणणं, ख्रिस्ती शेतकऱ्यानं किमान रोज बांधून द्यावा. किलोनं त्याहून जास्त भरलं तर जास्त द्यावं.

हिशेबी
दाखला स्वर्गाच्या राज्याचा आहे, पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. कृपा मोजून मिळत नाही, हा त्याचा अर्थ. मजुरीचा दर त्यातून काढू नका. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये. वेचणी दहा रुपये किलो धरली तरी क्विंटलमागे हजार तिथंच गेले. बियाणं, खत, फवारणी, निंदण वेगळं. सीसीआयकडे (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत, व्यापारी तर पाडूनच मागतो. त्या मळ्याच्या धन्यावर पीककर्ज नव्हतं.

मंडळीतली एक ताई
तो धनी स्वतः पाच वेळा बाहेर पडला, हे कोणी सांगतच नाही. शेवटच्यांना त्यानं विचारलं, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. आपल्याकडे टोळी जमते तेव्हा म्हाताऱ्या अन् लेकुरवाळ्या आधी गळतात. बायबलच्या लेवीय 19 मध्ये तर सरवासुद्धा, म्हणजे कापणीनंतर वावरात उरलेलं, गरिबासाठी सोडायला सांगितलाय. आपण शेवटचं बोंडही झाडावर ठेवत नाही.

वऱ्हाडी गडी
राजेहो, गावात आपली दोन-चार घरं. आपण रोज वाढवला तं बाकीचे म्हणतीन, यायनंच भाव बिघडवला. उद्या डवऱ्याले बैलजोडी कोनाच्या दारात मागाले जासान? अन् रोजानं बाया लावल्या का दुपारलोक गप्पाच. धन्यानं ठरल्यापरमानं देल्लं, कोनाचं कापलं नाही. एवढं केलं तरी लय झालं.

पऱ्हाटीवाला
ठरल्याप्रमाणे दिलं ते पहाटेच्यांना. नंतरच्यांशी तर रक्कम ठरलीच नव्हती. शिवाय शेवटच्यांना त्यानं आधी पैसे दिले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भाव बिघडायची भीती असती तर पहिल्यांना वाटेला लावून मग यांच्या हातात गुपचूप ठेवले असते.
राहिला प्रश्न गप्पांचा. शेवटच्या वेच्याला बोंडं बारीक अन् कवडी, म्हणजे किडका कापूस, जास्त. तेव्हा बाया किलोनं येतच नाहीत, आपण गुमान रोजच देतो ना? मग पहिल्या वेच्यालाच शास्त्र आडवं का येतं?

हिशेबी
कारण शेवटच्या वेच्याला दोन गाठोडी असतात अन् पहिल्याला पूर्ण वावर.

वेचणारीचा मुलगा
माझी आई वेचायला जाते. तिला तुमचे उपकार नकोत. गाठोड्याच्या फडक्याचे म्हणून तुम्ही लोक किलोभर कापता, फडकं भरतं पावशेर. पैसे बाजाराच्या दिवशी, कधी कधी त्याच्या पुढच्या बाजाराला. सूर्य मावळायच्या आत मजुराची मजुरी द्या, हे बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, अध्याय 24 मध्ये सरळ लिहिलंय, तिथं दाखला नाही की गूढार्थ नाही. नीतिसूत्रे 11 मधला खोटा काटाही वाचा.

हिशेबी
काट्याचं मान्य, त्यावर वाद नाही. रोजाचं मान्य नाही.

मंडळीतली एक ताई
काटा सरळ केला तरी म्हातारीचे वीसच किलो भरतात.

पऱ्हाटीवाला
फडकं वेगळं मोजायचं अन् पैसे त्याच सांजेला, हे मी धरतो. रोजही धरतो, बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

वेचणारीचा मुलगा
किती धरता तो आकडा इथं लिहा. आईला विचारून सांगतो.