मदत हवी आहे : २ एचपी कॉम्प्रेसरवर गाडी रंगवायला कुठली स्प्रे गन घ्यावी?

नमस्कार मंडळी,

खानापूर-बेळगाव रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड आहे. दिवाळीपासून डेंटिंग-पेंटिंगची कामं घेतोय. त्याआधी नऊ वर्षं उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या बॉड्यांना प्रायमर आणि एनॅमल मारायचो. हात बसलेला आहे, पण गाडीचं काम वेगळंच निघालं.

सध्या वरच्या कपाची १.५ मिमी नोझलची साधी गन वापरतो. प्रायमर, बेसकोट (मूळ रंग), क्लिअर (वरचा पारदर्शक, चकाकीचा थर), सगळं तिनंच. रंग फार उडतो, संध्याकाळी भिंतीवर त्याचा थर दिसतो. मेटॅलिक रंगाचे भाव बघता हे परवडत नाही. म्हणून एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर चालणारी, रंग कमी उडवणारी गन घ्यायचं मनात होतं. मित्राची १.३ ची एचव्हीएलपी गन दोन दिवस मागून आणली आणि एका ओम्नीच्या डाव्या बाजूला क्लिअर मारला.

पुढचं दार आरशासारखं आलं. सरकत्या दाराच्या मध्यापर्यंत पोचलो आणि गनचा आवाज बसला. फवारा आधी वीतभर उंच, सारखा पडत होता. तो आखडत गेला, थेंब जाड पडायला लागले. गनखालचा दाबाचा मीटर बघितला तर काटा ३० पीएसआयवरून १८ वर. कॉम्प्रेसर एकसारखा चालूच होता. थांबून टाकी भरू दिली, तोवर आधी मारलेल्या क्लिअरची कड सुकायला लागली होती. मागच्या चाकावरचा सगळा भाग ऑरेंज पील, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. गाडीवाला रोज पहाटे गोव्याला भाजी नेतो. त्याची दोन दिवसांची खेप बुडाली, हे मनाला फार लागलं. १५०० आणि २००० च्या पाणीपेपरनं घासून, पॉलिश मारून गाडी दिली, पण त्या जागी बोट फिरवलं की मला अजून कळतं.

एक दुकानदार म्हणतो याहून भारी गन घ्या, दुसरा म्हणतो ५ एचपीचा कॉम्प्रेसर घ्या. शेडला थ्री फेज नाही. गनसाठी आठ-नऊ हजार काढू शकतो. काय घ्यावं? शिवाय पावसाळा तोंडावर आलाय, आणि आमच्या खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. टाकीचा खालचा कॉक उघडला की आत्ताच पाणी येतं.

प्रतिसाद (निपाणी)

दादा, गनचा दोष नाही. एचव्हीएलपी म्हणजे दाब कमी, हवा जास्त. एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडाच्या टोपीपाशी, दाब १० पीएसआयच्या आत असतो, म्हणून रंग आपटून उडत नाही, पत्र्यावर बसतो. पण तेवढ्या दाबात रंग बारीक फोडायचा तर हवा भरपूर लागते. बऱ्याच गनना मिनिटाला १० ते १५ घनफूट. वर्कशॉपमध्ये मोठ्या कॉम्प्रेसरची लाईन असणार, म्हणून तुम्हाला हवेचा विचार कधी करावा लागला नाही.

कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा आकडा धरू नका. तो बहुतेक वेळा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, प्रत्यक्ष हवा कमी मिळते. घरीच मोजा. बाहेरचा कॉक बंद करून टाकीचा दाब ४ किलोवरून ६ किलोवर जायला किती सेकंद लागतात ते बघा. टाकी ११० लिटरची असेल तर २ किलो वाढायला साधारण २१० लिटर मोकळी हवा आत जाते. त्याला ७५ सेकंद लागले तर मिनिटाला १७० लिटर, म्हणजे ६ घनफूट. मग सहाच्या आत खाणारी गन शोधायची. एलव्हीएलपी (दाबही कमी, हवाही कमी) म्हणून ज्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच ४ ते ६ घनफुटात चालतात. इवाटा असो, देविलबिस असो की आपल्याकडची, खोक्यावरचा हवेचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. तो आकडा नसेल तर गन ठेवून द्या.

नोझल बेसकोट आणि क्लिअरला १.३. तुमची जुनी गन प्रायमरला ठेवा. सरफेसरला (घासून सपाट करायचा जाड प्रायमर) खरं तर १.७-१.८ लागतं, पण जरा पातळ केलं तर १.५ वर निघतं. एकाच गननं प्रायमर आणि क्लिअर मारणं मात्र आजपासून बंद करा. सुईच्या टोकाला राहिलेला सरफेसरचा एक कण क्लिअरमध्ये कचरा होऊन दिसतो.

पाईप कुठला आहे? आतून ६ मिमीचा असेल तर आधी तो बदला, १० मिमीचा घ्या. मीटर बघायचा तो ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना. आणि आख्खी बाजू एका दमात मारू नका. दार झालं की टाकी भरू द्या, पॅनेलच्या फटीपाशी थांबा. तिथं जोड दिसत नाही.

प्रतिसाद (चिकोडी)

वरचं सगळं पटलं. पाण्याबद्दल सांगतो. फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, तिथं हवा गरम असते, वाफ तशीच पुढे जाते. २०-२५ फूट लोखंडी पाईप भिंतीवरून फिरवा, हवा गार झाली की पाणी सुटतं, मग फिल्टर. टू-के क्लिअरच्या (हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या) हार्डनरला पाणी लागलं की गॅस सुटतो आणि पापुद्र्यात टाचणीएवढी भोकं राहतात. धो धो पाऊस असेल त्या दिवशी लांबी-घासाई करा, क्लिअर नको.

अजून एक. तोंडाला रुमाल बांधून टू-के मारत असाल तर कृपा करून थांबा. हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा लागतो आणि एकदा लागला की थोड्या वासानंही छाती भरते. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क सगळ्यांत चांगला, निदान ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज मास्क तरी आजच घ्या. गनच्या आठ हजारांतले पैसे आधी त्याला काढा.

धागाकर्ता

मनापासून आभार. सकाळी मोजलं. टाकी ११० लिटरचीच आहे, ४ वरून ६ वर जायला ८२ सेकंद लागले. म्हणजे साडेपाच घनफूटच. पाईपही कापून बघितला, आतून ६ मिमी. रुमालच बांधत होतो, आजपासून टू-के बंद; मास्क आला की सुरू करीन. पाईप आणि मास्क आधी, गन पुढच्या महिन्यात. साडेपाचच्या आत चालणारी १.३ ची गन कुणी स्वतः क्लिअरला वापरली असेल तर कुठली ते सांगा. बेळगाव किंवा कोल्हापुरात सुई आणि नोझलचे सुटे भाग मिळायला हवेत.