मदत हवी: भावाला कामावर घेताना शेअर कोड मागतायत, पासपोर्ट चालत नाही म्हणे

डिचोलीची_मुक्ता
मंडळी, लवकर उत्तर हवंय. माझा धाकटा भाऊ इंग्लंडात स्विंडनला आहे. नवीन वेअरहाऊसमध्ये काम मिळालं, सोमवारी रुजू व्हायचंय आणि आता एजन्सीवाले शेअर कोड (कामाचा हक्क ऑनलाइन दाखवणारा कोड) मागतायत. त्याने पासपोर्टचा फोटो पाठवला तर म्हणे चालत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट आहे, खरा आहे, आधीच्या कामाला हाच दाखवला होता! कोड काढायला गेला तर सरकारी साइटवरच्या खात्यात आत जाताच येत नाही. काय करायचं?

फोंड्याचा_शेखर
आत जाता येत नाही म्हणजे नेमकं काय दिसतं? आणि भाऊ तिकडे गेला कधी? ३१ डिसेंबर २०२० च्या (ब्रेक्झिटच्या मुदतीच्या) आधी गेला असेल तर गोष्ट वेगळी, नंतर गेला असेल तर अगदीच वेगळी.

रवी_म्हापसा
ताई, आमच्या म्हापशात एक माणूस आहे. लिस्बनला जन्मनोंदणी, पोलिस क्लिअरन्स, बीआय (पोर्तुगीज ओळखपत्र) सगळं करून देतो. माझ्या चुलतभावाचं त्यानेच केलं. नंबर हवा तर व्यनि करा.

डिचोलीची_मुक्ता
बीआय झालेलीच आहे हो, म्हणूनच तर पासपोर्ट आहे. भाऊ २०१९ ला गेला. नंबर टाकला की लॉगिनचा कोड पाठवला असं येतं, पण त्याच्या फोनवर काहीच येत नाही.

वेर्ण्याची_पेरोलवाली
मी वेर्ण्यात बसून ब्रिटिश कंपन्यांच्या पेरोलचं काम बघते, तर मालकाच्या बाजूने सांगते. ३० जून २०२१ पर्यंत युरोपीय पासपोर्ट दाखवला की भागायचं. तुमच्या भावाचं आधीचं काम त्या काळातलं असणार. १ जुलै २०२१ पासून पासपोर्ट म्हणजे फक्त ओळख, कामाचा हक्क त्यावरून सिद्ध होत नाही. तो ऑनलाइन बघावा लागतो. भावाने नऊ अक्षरांचा कोड द्यायचा (कामासाठीचा डब्ल्यूने सुरू होतो, घरभाड्यासाठीचा आरने, तो देऊ नये). मग मालकाने स्वतः सरकारी पानावर कोड आणि जन्मतारीख टाकायची, आलेला फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघायचा आणि ते पान जपून ठेवायचं, नोकरी संपल्यावरही दोन वर्षं. भावाने स्वतःच्या खात्याचा स्क्रीनशॉट पाठवला तरी तो धरत नाहीत. कोड ९० दिवस चालतो. एजन्सीवर रागावू नका. हक्क नसलेला माणूस कामावर सापडला तर पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडला तर ६०,०००.

मांडवीपार
मुळात जायचंच कशाला? पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व गेलं. इथे जमीन आहे, माड आहेत, आणि तिकडे जाऊन खोकी उचलायची.

फोंड्याचा_शेखर
@मांडवीपार, ताईंनी कोडचं विचारलंय. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो, लोक घेतात. घरात दोन पगार आल्याशिवाय भागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

काणकोणकर
ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) काढून ठेवायला सांगा. माझा मेहुणा लेस्टरहून परत आला, ओसीआयवर त्याला कोलव्याच्या हॉटेलात नोकरी मिळाली. खासगी नोकरीला अडचण नाही, सरकारी मिळत नाही. शेतजमीनही घेता येत नाही.

डिचोलीची_मुक्ता
परत यायचं नाहीये त्याला! सोमवारचं काय ते सांगा.

रवी_म्हापसा
एजन्सीला सांगा ना, होम ऑफिसची (तिकडच्या गृहखात्याची) एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस असते, मालक थेट तिथे विचारू शकतो. सहा महिन्यांचं पत्र मिळतं.

वेर्ण्याची_पेरोलवाली
रवी, ती सेवा मुख्यतः ज्यांचा अर्ज किंवा अपील अजून निकाली निघालेलं नाही त्यांच्यासाठी. याचा निर्णय झालेला असेल तर तिकडे वेळच जाईल. मुक्ताताई, सेटलमेंट स्कीमचा (ब्रेक्झिटआधी गेलेल्या युरोपीय नागरिकांना तिथे राहू देणाऱ्या योजनेचा) अर्ज केला होता का? तेव्हा मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा दिला?

डिचोलीची_मुक्ता
आत्ता विचारलं त्याला. २०२० मध्ये अर्ज झाला, प्री-सेटल्ड (तात्पुरतं राहायचा दर्जा) मिळालं. भरला एजंटने. नंबर, ईमेल दोन्ही एजंटचे. तो माणूस आता फोनच घेत नाही. आणि मधल्या काळात भावाचा पासपोर्टही नवीन झालाय.

हाउन्स्लोची_सुनंदा
हेच. इकडे आपल्या गोंयकारांमध्ये हे फार दिसतं. लॉगिनचा कोड एजंटच्या मोबाइलवर जातोय, म्हणून भावाला येत नाही. शिवाय तो नव्या पासपोर्टचा नंबर टाकत असेल तर खातं सापडणारच नाही. अर्जाच्या वेळचा जुना नंबर लागतो. जुना पासपोर्ट किंवा त्याची झेरॉक्स शोधायला सांगा, डिचोलीच्या घरी कपाटात असेल तर आजच फोटो काढून पाठवा. मग गव्ह डॉट यूकेवर खातं परत मिळवायचा फॉर्म आहे, तो स्वतः भरावा, स्वतःच्या नंबर-ईमेलने. सोबत सेटलमेंट रिझोल्यूशन सेंटरला (या योजनेच्या मदत केंद्राला) सकाळी फोन लागताच करावा. आत शिरला की आधी नवा पासपोर्ट जोडायचा, मग कोड काढायचा. या कशालाही फी नाही. कोणी पौंड मागितले तर देऊ नका.

रवी_म्हापसा
पण प्री-सेटल्ड पाच वर्षांचंच असतं ना? २०२० चं म्हणजे संपलं असेल.

हाउन्स्लोची_सुनंदा
नाही. मुदत संपत आली की होम ऑफिस आपोआप वाढवतं, आणि एकदा तपासलं की मालकाने पुन्हा तपासायची गरज नाही. भावाची सलग पाच वर्षं झालीयत, तेव्हा सेटल्डचा (कायम राहायच्या दर्जाचा) अर्ज करून टाकावा. त्यालाही फी नाही.

काणकोणकर
माझ्या पुतण्याला आत्ता जायचंय, पोर्तुगीज पासपोर्टवर. ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) काढली की काम करता येईल ना?

फोंड्याचा_शेखर
नाही. ईटीए भेटीपुरती. आता नव्याने जाणाऱ्याला कामाचा व्हिसाच लागतो. वेगळा धागा काढा.

डिचोलीची_मुक्ता
जुना पासपोर्ट आईच्या ट्रंकेत सापडला! कोपरा कापलेला आहे, पण नंबर वाचता येतो. भावाला पाठवला. फॉर्म भरलाय, आणि एजन्सीतल्या बाई म्हणाल्या की कोड येईपर्यंत जागा बुधवारपर्यंत धरून ठेवतो, त्याआधी आत पाऊल टाकू देणार नाही. सुनंदाताई, रिझोल्यूशन सेंटरला फोन करताना कोणता नंबर सांगायचा, अर्जाचा की पासपोर्टचा?

हाउन्स्लोची_सुनंदा
दोन्ही हाताशी ठेवा. अर्जाचा नंबर निर्णयाच्या पत्रावर असतो. ते पत्र एजंटच्या ईमेलला गेलं असेल तर पासपोर्टचा जुना नंबर आणि जन्मतारीख सांगून बघा.