आईचे डोळे

वडिलांचे आभार मानायचे राहून गेले, अशी एकाने लिहिलेली खंत वाचली आणि आई आठवली. ती पहाटे गेली, पुण्यात नारायण पेठेतल्या घरीच. नेत्रदान मृत्यूनंतर ६ तासांच्या आत व्हावं लागतं. आम्हाला तर काहीच सुचत नव्हतं. शेजारच्या काकूंनी नेत्रपेढीला फोन केला, पंखा बंद केला, आईच्या मिटल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. वैकुंठ स्मशानभूमीतून परतलो तर त्यांच्याकडून पिठलं-भात आलेला.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा लगेच शिवला. आईचं काही राहिलं नसावं. माझं राहिलं होतं. काकूंना नुसतं ‘थँक्यू’ म्हणवेना, फार परकं वाटलं असतं. आता दर रविवारी त्यांना मंडईत घेऊन जातो. पिशव्या मी धरतो.